एकोणीस-वीस

इंजिन मी मागवलेलं, टार्टूच्या दुकानातून.
साडेसहा घोड्यांचं, लाल,
खोक्याचा वास अजून अंगावर असलेलं.
क्लच सासऱ्यांचा.
मच्छीमार सोसायटी बुडाली त्या वर्षी
पगाराऐवजी त्यांनी जी पेटी उचलून आणली
तिच्या तळातला,
ग्रीस फासून वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

शाफ्ट इंचातला: पाऊण इंच.
क्लचचं भोक मिलिमीटरमधलं: वीस.
म्हणजे एक एकोणीस, एक वीस.
लोक म्हणतात, एकोणीस-वीस चालायचंच.
लोकांनी क्लच बसवलेला नसतो.

घातला तर सरकन आत गेला
आणि हलायला लागला
पडायला आलेल्या दुधाच्या दातासारखा.

बाहेर पेइप्सी गोठलेलं, पार रशियाच्या काठापर्यंत.
ट्रॅक्टरच्या ट्यूबांवर चालणारी आमची गाडी
शेडच्या दारात फुगून बसलेली, पोट रिकामं.
आठ वर्षं मी या घरचा जावई.
कार्प झिनोव्येविचना माझी भाषा येते, ते बोलत नाहीत.
मला त्यांची येत नाही, तरी मी बोलतो.
माझा नाताळ होऊन जातो,
त्यांचा तेरा दिवसांनी उगवतो.
आणि स्वयंपाकघरात माझा कप वेगळा,
निळ्या काठाचा, वेगळ्या खिळ्याला.
जुन्या धर्माचं घर आहे रे, उल्याना म्हणाली होती,
मनावर घेऊ नकोस.
घेतलं नाही.
मोजून ठेवलं फक्त.

सासऱ्यांनी डोळे मिटले,
अंगठ्याचं नख आधी भोकाच्या कडेवरून फिरवलं,
मग शाफ्टवरून,
म्हणाले, "अर्धा. दोन्हीकडून."
माझा मायक्रोमीटर म्हणाला, शून्य पूर्णांक अठ्ठेचाळीस.
मी तो खिशात घातला.

स्प्रॅट माशांचा डबा आला घरातून.
उरलेले मासे मांजरापुढे.
पत्र्याची पट्टी कापली, शाफ्टला दोन वेढे दिले,
वरच्या वेढ्यावर डब्यावरच्या जहाजाचं अर्धं शीड.
क्लच ठोकून बसवला. घट्ट.
दोरी ओढली, इंजिन धरलं, थ्रॉटल दिला,
आणि किंचाळी.
चावी होती इंचाची, खाच मिलिमीटरची,
तेवढ्या फटीतून ती खडखडत राहिली
आणि पत्र्याच्या चिंध्या झाल्या.
मला हसू आलं.
ते काहीच बोलले नाहीत,
दुसरा डबा आणायला गेले.
मांजर त्यांच्या मागोमाग.

मग पाच मिलिमीटर जाडीचा पोलादी तुकडा शिकंज्यात धरला,
कानस माझ्या हातात दिली.
वरचा भाग तसाच, क्लचसाठी.
खालचा घासायचा, शाफ्टसाठी,
पाव मिलिमीटरही नाही, त्याहून जरा कमी.
एकाच चावीला दोन मापं.
मी मनगटाने घासत होतो.
त्यांनी मागून येऊन माझं कोपर धरलं
आणि ढकल खांद्यातून काढायला लावली,
एकदा, दोनदा,
मग हात काढून घेतला.
चाळीस मिनिटं गेली.
कंदिलासमोर धरली तेव्हा
पायरी दिसत नव्हती,
बोटालाच कळत होती.

या क्लचचं एक आहे.
इंजिन हळू चालतं तोवर तो अलिप्त,
आतली पाती मिटलेली, चाकं ढिम्म,
शेजारी एवढी धडधड चाललेली असूनही.
वेग वाढला की पाती फाकतात
आणि भवतालचा ड्रम धरतात.
कोणत्या फेऱ्याला धरतील, सांगता येत नाही.
गाडीने एक गचका दिला.
ते टोपी सावरत म्हणाले, "हं."

जाळ्यांपर्यंत गेलो, अंधार पडता परतलो.
सहा पर्च, एक फुटका हातमोजा.
उल्यानाने चहा ओतला.
कप माझा तोच, निळ्या काठाचा.
खिळ्यावरून कोणी काढला पाहिलं नाही,
पण कपाच्या कानावर होता
ग्रीसचा काळा अंगठा,
माझ्या अंगठ्याहून बराच रुंद.